मसालेदार फळांची मीड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध, पाणी आणि यीस्ट यांपासून होणारे मद्य म्हणजे मीड. त्यात फळे घातली की मेलोमेल, मसाले घातले की मेथेग्लिन. इथिओपियात गेशो नावाच्या झुडपाची पाने घालून केलेली ‘तेज’ हीसुद्धा मधाचीच. सामग्री मोजकी असल्यामुळे ‘मध-पाणी एकत्र करून ठेवले की झाले’ असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात सगळे काम यीस्ट करते आणि ते सजीव आहे. ते नीट जगवले तर मीड साधते.

गैरसमज : विकायची नसेल तर घरी करायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हाच गुन्हा आहे, मग ते घरच्यासाठी का असेना. पुण्याच्या मूनशाइन मीडरीसारखे उद्योग परवाना घेऊनच मीड बनवतात. ब्रिटनमध्ये घरगुती वापरासाठी मीड करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत संघीय कायद्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर वाइन घरी करता येते. मीड त्यातच मोजतात. पुढची माहिती जिथे कायद्याची मुभा आहे तिथल्या वाचकांसाठी आहे.

गैरसमज : मध उकळूनच घ्यावा लागतो.
वस्तुस्थिती : मधात पाणी जेमतेम १७-२० टक्के असते. एवढ्या कमी पाण्यात जंतू वाढत नाहीत. उकळल्याने फुलांचा गंध मात्र उडून जातो. मध कोमट पाण्यात ढवळून विरघळवावा. निर्जंतुक करायची ती बरणी, झाकण, नळी आणि चमचे.

गैरसमज : मध पौष्टिक, मग यीस्टला आणखी काय हवे?
वस्तुस्थिती : मधात साखर भरपूर, पण नायट्रोजन अगदी कमी. उपाशी यीस्ट मंदावते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून यीस्टचे पोषक मिश्रण पहिल्या काही दिवसांत थोडे थोडे करून घालतात. फळांमुळेही थोडे पोषण मिळते. वर तरंगणारी फळे रोज एक-दोनदा खाली दाबावीत. कोरडी राहिली तर बुरशी धरते. खोलीचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस ठेवावे. फार उष्णतेत यीस्ट जड अल्कोहोले तयार करते आणि चव घशाला जाळते.

गैरसमज : मधाची म्हणजे गोडच असणार.
वस्तुस्थिती : लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होते. १.२ किलो मधात पाणी घालून ४.५ लिटर मिश्रण केले आणि यीस्टने सगळी साखर संपवली, तर सुमारे १२ टक्क्यांची, अजिबात गोड नसलेली मीड मिळते.

गैरसमज : मसाले सुरुवातीलाच भरपूर घालावेत.
वस्तुस्थिती : जोरात आंबताना बाहेर पडणारा वायू सुगंधही घेऊन जातो. मीड गाळावरून काढून दुसऱ्या बरणीत घेतल्यावर मसाले घालावेत. तयार अल्कोहोल त्यांचा अर्क चांगला ओढते. साडेचार लिटरला दालचिनीचा एक तुकडा आणि दोन लवंगा पुरतात. लवंगेतले युजेनॉल जिभेला बधिर करते, म्हणून अधूनमधून चाखावे आणि चव पुरेशी उतरली की मसाले काढून टाकावेत.

गैरसमज : बुडबुडे थांबले की बाटल्या भराव्यात.
वस्तुस्थिती : ही चूक सर्वांत धोक्याची. थंडीने किंवा उपासमारीने यीस्ट नुसते थांबलेले असू शकते. बंद बाटलीत ते पुन्हा जागे झाले तर वायूच्या दाबाने काच फुटते. हायड्रोमीटरचे, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे, माप काही दिवसांच्या अंतराने तेच आले, तरच आंबणे संपले असे समजावे. नंतर मध घालून गोडी वाढवायची असेल, तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट योग्य प्रमाणात घालून यीस्टची वाढ आधी रोखावी लागते.

गैरसमज : घरच्या मीडमध्ये विषारी मिथेनॉल होते.
वस्तुस्थिती : फळांतल्या पेक्टिनपासून मिथेनॉल होते, पण अत्यल्प, फळांच्या वाइनमध्येही ते असतेच. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरहून अधिक माणसे गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूमुळे. मीड नुसती आंबवायची असते. ती भट्टीवर गाळू नये.

गैरसमज : मध आणि मसाले आहेत, म्हणजे औषधीच.
वस्तुस्थिती : मधातली जवळजवळ सगळी साखर अल्कोहोल झालेली असते, आणि अल्कोहोल कर्करोगकारक आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. खोकल्यासाठी किंवा पचनासाठी म्हणून मीड कोणालाही देऊ नये.

पहिल्या खेपेला एकच फळ आणि एकच मसाला घ्या, प्रत्येक माप तारखेसह लिहून ठेवा आणि हायड्रोमीटरशिवाय सुरुवातच करू नका.