कादिझमध्ये उन्हाळ्यात फिरायचं तर आधी वाऱ्याला विचारावं लागतं!

जुलै महिना, दुपारचे साडेतीन. सेव्हिलहून आलेली ट्रेन कादिझच्या स्टेशनात लागते. पर्यटक बॅगा ओढत बाहेर पडतात आणि मोबाईलमधली यादी उघडतात. कॅथेड्रल, टॉवर, मार्केट, बीच. पण बाहेर बघावं तर दुकानांची शटर खाली, गल्ल्या रिकाम्या आणि मार्केटमधले मासळीवाले फरशी धुऊन केव्हाच घरी गेलेले. निदान बीचवर तरी जाऊ म्हणावं तर वारा असा सुटलाय की उडणारी वाळू पायांना टोचते.

दोन तासांत निम्मी यादी बाद होते. कंटाळून मंडळी सातच्या ट्रेनने परत जातात आणि कादिझमध्ये बघण्यासारखं काही नाही असा रिव्ह्यू टाकतात.

आणि कादिझ खऱ्या अर्थानं घराबाहेर पडतं आठ वाजता.

स्पेन म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आठवतो. ते तिघे मित्र बार्सिलोनापासून पांप्लोनापर्यंत फिरले, पण कादिझ त्यांच्या वाटेत नव्हतं. देशाच्या पार नैऋत्य टोकाला, अटलांटिकमध्ये घुसलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर हे शहर बसलंय. जुनं शहर तीन बाजूंनी समुद्राने वेढलेलं आहे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला अर्धा तासही लागत नाही. नाव लिहितात कादिझ, स्पॅनिश लोक म्हणतात कादिथ, आणि गावातली माणसं नुसतं 'काई' म्हणून मोकळी होतात.

वय किती? परंपरा सांगते इसवी सन पूर्व ११००. उत्खननातले पुरावे इसवी सन पूर्व नवव्या शतकापर्यंत मागे जातात. आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहरातून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी इथे वस्ती केली आणि तिचं नाव ठेवलं गादिर, म्हणजे तटबंदी असलेली जागा. पश्चिम युरोपातलं सलग वस्ती असलेलं सगळ्यात जुनं शहर म्हणून कादिझचं नाव घेतलं जातं ते याच हिशेबाने.

आता मूळ मुद्दा. साडेतीनला शहर झोपलेलं का असतं?

आळशीपणा म्हणून सोडून देऊ नका, इथे घड्याळाचा घोळ आहे. नकाशावर कादिझ लंडनच्याही पश्चिमेला येतं, पण घड्याळ चालतं बर्लिनचं. १९४० साली फ्रँकोच्या सरकारने देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं आणि ते परत मागे आलंच नाही. त्यात उन्हाळ्यात युरोपभर घड्याळ आणखी एक तास पुढे जातं. त्यामुळे कादिझमध्ये जून-जुलैत सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजता नाही, तर जवळपास अडीच वाजता! पाच वाजता आपल्याकडे ऊन उतरायला लागतं, तिथे तेव्हा ऐन दुपारचा तडाखा असतो. जूनच्या शेवटी सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमाराला. मुंबईत वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशीही सव्वासात-साडेसातला अंधार पडायला लागतो, म्हणजे फरक किती ते बघा.

म्हणून रात्रीचं जेवण नऊ-दहाला आणि लहान मुलं अकरा वाजता चौकात फुटबॉल खेळतायत हे दृश्य तिथे नेहमीचं. पर्यटकाने आपला दिवस त्या हिशेबाने सरकवला की निम्मा त्रास संपतो. सकाळी नऊ ते एक भटकायचं, दोन ते सहा सावलीत काढायचे आणि सातनंतर पुन्हा बाहेर पडायचं.

उरलेला निम्मा त्रास वाऱ्याचा.

इथे दोन वाऱ्यांची नावं पोरासोरांना पाठ असतात, लेव्हांते आणि पोनिएंते. लेव्हांते पूर्वेचा. भूमध्य समुद्राकडून निघून तो स्पेन आणि मोरोक्कोच्या मधल्या जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत घुसतो, तिथे त्याचा जोर वाढतो, आणि कादिझला पोहोचेपर्यंत तो कोरडा आणि गरम झालेला असतो. एकदा सुटला की कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. या वाऱ्याने माणसाचं डोकं फिरतं असं स्थानिक लोक गंमतीने, आणि थोडं गंभीरपणेही, सांगतात. पोनिएंते पश्चिमेचा, थेट अटलांटिकवरून येणारा, गार आणि दमट. याच्याच जोरावर कादिझमध्ये ऑगस्टचं सरासरी कमाल तापमान २८ अंशांच्या आसपास राहतं, तर ट्रेनने पावणेदोन तासांवरच्या सेव्हिलमध्ये ते ३६ च्या घरात जातं. पोनिएंतेची मेख एकच, गार वाऱ्यात ऊन लागतंय हे कळत नाही आणि संध्याकाळी पाठ सोलून निघते.

आज कुठला वारा आहे यावर आज कुठला बीच हे ठरतं. लेव्हांते असेल तर ला कालेता. हा साधारण ४०० मीटरचा छोटा बीच दोन जुन्या किल्ल्यांच्या मधोमध, पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्याच्या पाठीशी अख्खं जुनं शहर उभं असल्याने पूर्वेचा वारा तिथेच अडतो. याउलट गावाबाहेरच्या कोर्तादुरा बीचवर मागे इमारती नाहीत, त्यामुळे वाळू सरळ तोंडावर. पोनिएंतेच्या दिवशी मात्र कोर्तादुरा किंवा त्याच्या अलीकडचा, जवळपास तीन किलोमीटर लांब व्हिक्टोरिया बीच झकास. एक गोष्ट मात्र मुलं सोबत असतील तर ध्यानात ठेवाच. या बाजूला लेव्हांते जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. वरवर पाणी शांत दिसतं आणि हवेच्या गादीवर पहुडलेलं पोरगं बघता बघता आत ओढलं जातं. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पिवळा असेल तर जपून.

ला कालेता तुम्ही कदाचित आधीच पाहिलाय. २००२ च्या 'डाय अनदर डे' या बॉण्डपटात हॅली बेरी केशरी बिकिनीत समुद्रातून बाहेर येते, ते क्युबातलं हवाना नाहीच, ते कादिझ आहे. मागे दिसणारी १९२६ ची पांढरी अर्धगोल इमारत म्हणजे जुनं स्नानगृह, आता तिथे समुद्राखालच्या पुरातत्त्वाचं संशोधन केंद्र चालतं.

पण या बीचचं सध्याचं दुखणं रील्समध्ये दिसत नाही. आशियातून आलेलं एक तपकिरी शेवाळ २०१५ च्या सुमारास जिब्राल्टरच्या परिसरात सापडलं आणि काही वर्षांत त्याने हा सगळा किनारा व्यापला. ला कालेतावर उन्हाळ्यात त्याचे ढीग येऊन पडतात, पालिका यंत्रं लावून टनावारी उचलते, आणि पश्चिमेचा वारा सुटला की पुन्हा नवा ढीग. वास येतो. ते शेवाळ स्थानिक समुद्री वनस्पतींची जागा बळकावतं आणि मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून बसतं, त्यामुळे तिथल्या कोळ्यांसाठी हा पोटाचा प्रश्न झालाय.

शिवाय भरती-ओहोटी बघायची. स्पेनचा भूमध्य किनारा पाहिलेल्यांना याची सवय नसते, कारण तिथे पाण्याची पातळी फारशी हलत नाही. कादिझ अटलांटिकवर असल्याने इथे मोठ्या भरतीच्या दिवसांत फरक तीन मीटरच्या वर जातो, कोकणात असतो तसाच. भरतीला ला कालेताची वाळू आक्रसते. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि म्हातारी माणसं बादल्या घेऊन कालवं-खेकडे शोधायला उतरतात. पोहायचं असेल तर भरती, भटकायचं असेल तर ओहोटी.

दुपारच्या चार तासांचं काय? इथे इतिहास कामाला येतो, कारण कादिझचा बराचसा इतिहास गार जागेत आहे. एका कठपुतळी थिएटरच्या खाली, आजच्या रस्त्यापासून काही मीटर खोल, फिनिशियन वस्तीचे रस्ते, घरं आणि भट्ट्या जशाच्या तशा सापडल्यात. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी आगीत सापडून मेलेल्या एका माणसाचा सांगाडाही तिथे आहे. वर पस्तीस अंश असताना या तळघरात उभं राहणं म्हणजे सुखच.

म्युझियममधल्या दोन दगडी शवपेट्यांची गोष्ट तर सिनेमात शोभावी अशी. माणसाच्या आकाराची पुरुषाची पेटी १८८७ मध्ये सापडली. पुढे म्युझियमचे संचालक झालेले पेलायो किंतेरो यांनी तिची जोडीदारीण सापडावी म्हणून आयुष्यभर शोध घेतला, पण ती काही मिळाली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १९८० मध्ये बांधकामासाठी खोदताना स्त्रीची शवपेटी सापडली. कुठे? किंतेरो जिथे राहायचे त्याच घराच्या जागेखाली!

अंधार हवा असेल तर तोर्रे ताविरा. १७१७ मध्ये अमेरिका खंडाशी चालणाऱ्या व्यापाराचं सरकारी कार्यालय सेव्हिलहून कादिझला आलं आणि इथल्या व्यापाऱ्यांकडे पैसा वाहायला लागला. आपली जहाजं येताना दुरून दिसावीत म्हणून त्यांनी घरांवर टेहळणी बुरूज बांधले. त्यातले शंभराहून जास्त आजही उभे आहेत. ताविरा त्यातला सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून ४५ मीटर. आत १९९४ पासून एक 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' आहे. अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगातून बाहेरच्या शहराचं हलतं चित्र एका गोल पांढऱ्या पडद्यावर उतरतं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलतानासुद्धा दिसतात. थोड्या थोड्या लोकांनाच आत सोडतात, त्यामुळे वेळ आधी ठरवून घेतलेली बरी.

जवळच सान फेलिपे नेरी हे लंबगोल चर्च आहे. नेपोलियनच्या फौजेने शहराला वेढा घातलेला असताना इथे देशभरातले प्रतिनिधी जमले आणि १९ मार्च १८१२ ला स्पेनची पहिली राज्यघटना जाहीर झाली. पुढे पोर्तुगालमध्ये १८२० ला क्रांती झाली तेव्हा हीच घटना नमुना म्हणून समोर होती. त्याच क्रांतीमुळे लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातही निवडणूक झाली आणि बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा यांच्यासारखे गोवेकर प्रतिनिधी निवडून आले. म्हणजे पणजीचा एक धागा या चर्चपर्यंत येऊन पोहोचतो.

संध्याकाळी सात-आठ वाजले की पाय ला व्हिन्या या जुन्या कोळीवाड्याकडे वळवायचे. इथे 'तोर्तियीतास दे कामारोनेस' खाल्ल्याशिवाय परत येणं म्हणजे गुन्हा. बेसन आणि गव्हाचं पीठ पातळ कालवून त्यात कांदा, पार्सली आणि अगदी बारीक कोळंबी घालतात, मग कडक तेलात जाळीदार तळतात. जवळ्याची भजी खाल्लेल्या माणसाला पहिल्याच घासाला ओळख पटते. 'कासोन एन आदोबो' म्हणजे व्हिनेगर, लसूण, जिरं आणि ओरेगानोत मुरवून तळलेली मुशी. शाकाहारी मंडळींनी 'पापास आलिन्यास' मागवावं, बटाटा, कांदा आणि ऑलिव्ह तेलाचं गार सॅलड. पण त्यात बऱ्याचदा वरून ट्यूना आणि अंडं येतं, म्हणून ऑर्डर देतानाच 'सिन आतून, सिन उएव्हो' म्हणायचं, म्हणजे ट्यूना नको, अंडं नको.

ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एक दिवस सानलुकारसाठी राखून ठेवा. ग्वादालकिव्हीर नदीच्या मुखाशी असलेल्या या गावात १८४५ पासून चक्क बीचवर घोड्यांच्या शर्यती होतात. तारखा आणि वेळा ओहोटीवर ठरतात, कारण ओली घट्ट वाळू उघडी पडल्याशिवाय घोडे पळणार कसे? वाळूवर उभं राहून शर्यत फुकट बघता येते आणि गावातली पोरं खोक्यांचे रंगीत ठेले मांडून चिल्लरच्या पैजा घेत बसतात.

तारखांवरून आठवलं, आपल्याकडची शाळेची सुट्टी मे महिन्यात असते, पण मेमध्ये तिथलं पाणी चांगलंच गार असतं. समुद्रात डुंबायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर, आणि गर्दी नको असेल तर सप्टेंबरच. मोठ्या सुट्ट्या संपतात आणि पाणी मात्र ऑगस्टइतकंच उबदार राहतं.

राहायचं कुठे, हा प्रश्न कादिझमध्ये जरा नाजूक आहे. तीन बाजूंना समुद्र, त्यामुळे शहराला वाढायला जागा नाही. १९८१ मध्ये लोकसंख्या दीड लाखाच्या वर होती, आता ती एक लाख दहा हजारांच्या आसपास आलीय. गोदीतलं काम आटलं, तरुण बाहेर पडले. त्यात जुन्या शहरातली घरं पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जायला लागली आणि तिथेच वाढलेल्या लोकांना भाडं परवडेनासं झालं. २०२४ मध्ये बार्सिलोनात आंदोलकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. राग तोच आहे. आणि दुसरीकडे, बेरोजगारीत देशात वरच्या नंबरवर असलेल्या या प्रांतात उन्हाळ्याचे चार महिने हीच पर्यटकांची गर्दी कित्येकांना पगार देते. त्यामुळे पर्यटक नकोतच असं इथे कुणी सहसा म्हणत नाही. भांडण घरांवरून आहे.

त्यातल्या त्यात पर्यटकाच्या हातात काय, तर हॉटेल किंवा लॉज बघणं. फ्लॅटच घ्यायचा असेल तर जाहिरातीत सरकारी नोंदणी क्रमांक आहे का ते तपासणं, कारण आंदालुसियात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर तो लागतोच. आणखी एक मार्ग म्हणजे खाडीपलीकडच्या एल पुएर्तो दे सांता मारियात मुक्काम करायचा. तिथून बोटीने अर्ध्या तासात कादिझ येतं आणि येताना सगळं शहर पाण्यातून उगवल्यासारखं समोर दिसतं. लेव्हांतेचा जोर फार असेल तर बोटी रद्दही होतात, मग ट्रेन आहेच. फक्त रात्रीची शेवटची बोट किती वाजता आहे ते सकाळीच बघून ठेवा, कारण तुमचं जेवण साडेनऊच्या आधी सुरू होणार नाहीये.