दोष कानाचा की जोडणीचा?

नशिराबादच्या एखाद्या घरात माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली उतरतो, वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये खोचली जाते आणि आवाज अगदीच मंद येतो. आजोबांना ऐकू येत नाही, असं घरचे लगेच ठरवून मोकळे! मॅग्नेटिक कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम 5 मिलिव्होल्टचा, तर सीडी प्लेअरचा 2 व्होल्टपर्यंत. म्हणून रेकॉर्डसाठी ‘फोनो’ इनपुट; तिथे सीडी जोडली तर आवाज फाटतो. खरा धोका वेगळाच. मंद आवाजामुळे व्हॉल्यूम पूर्ण वाढवलेला असतो आणि तसाच सीडीकडे स्विच फिरवला, की तो कानावर आदळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल मात्र फक्त 4 तास. इनपुट बदलण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणावा. जोडणी बरोबर असूनही बोलणं अस्पष्ट वाटलं, तर मात्र कान तपासून घ्यावेत.