राजमान्य द्यूत आणि गृहधर्म

अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यानें २०१३ सालीं आंतरजालावरील पोकरचा खेळ कायदेशीर केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तो सुरूही झाला. खेळणारा २१ वर्षांचा असावा व खेळतांना राज्याच्या सीमेंतच असावा, असे निर्बंध आहेत. आपलीं कित्येक मराठी कुटुंबें तेथें नांदतात. म्हणून हा विचार आपल्याही माजघराचा आहे.

वाचकहो, राजमान्यता म्हणजे निर्दोषता नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत द्यूतकारापायीं शोक करणारी पत्नी आहे, माताही आहे. तथापि तेथील एक सोय स्तुत्य वाटते: खेळाडू स्वतः नांव नोंदवून एक किंवा पांच वर्षें आपणांस खेळबंदी करून घेऊं शकतो. व्यसनांत सांपडलेल्या मुलास लज्जेमुळें हें एकट्यानें साधत नाहीं. त्याला दूषणें न देतां, नांव नोंदवितांना घरच्यांनीं त्याच्या शेजारीं बसावें.