घरात कापूस, ताटात भात. लेकराच्या वाटीत काय?

आदिलाबाद : पैनगंगेच्या एका काठावर बेला-जैनथ, दुसऱ्या काठावर पाटणबोरी. राज्यं दोन, पण काळ्या मातीतलं मुख्य पीक एकच, कापूस. चूल पेटायची चिंता रेशननं बरीच कमी केली. तेलंगणात एप्रिल २०२५ पासून रेशनवर माणशी ६ किलो बारीक तांदूळ फुकट मिळतो. मात्र नुसत्या भातानं लहान लेकराचं पोट भरतं, पोषण होत नाही.

आठपैकी पाच गट

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ६ ते २३ महिन्यांच्या बाळाचा आहार आठ गटांत मोजतात : आईचं दूध, धान्य व कंद, डाळी, शेंगदाणे, तीळ, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पालेभाज्या आणि पिवळी-केशरी फळं-भाज्या, इतर फळं-भाज्या. दिवसभरात यातले किमान पाच गट पोटात जायला हवेत. बाळ किती वेळा खातं हेही धरलं, तर देशात पुरेसा आहार मिळणारी या वयाची बाळं फक्त ११.३ टक्के आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं.

आईचं दूध, भात, वरण, झाले तीनच. चहातलं दूध यात धरत नाहीत आणि चहात बुडवलेल्या बिस्किटानंही गट वाढत नाही.

शेतकऱ्याच्याच घरी कमी का?

कापूस खाता येत नाही. ज्वारी, मूग, उडदाची जागा त्यानं घेतली, की डाळसुद्धा दुकानातून आणावी लागते. पैसा येतो वेचणीनंतर. जून ते सप्टेंबर हात आखडता असतो. तणनाशक मारलं की तरोटा, चिवळ, पाथरी या फुकटच्या रानभाज्याही जातात. पुढं वेचणीत आई दिवसभर शेतात, लेकरू आजीजवळ. मग हाताशी असेल तेच त्याला दिलं जातं.

काय करता येईल?

तेलंगणातल्या अंगणवाडीत ७ महिने ते ३ वर्षांच्या मुलांसाठी महिन्याला अडीच किलो बालामृतम आणि १६ अंडी आहेत. बालामृतममध्ये भाजलेला गहू, हरभरा डाळ, दूध पावडर, साखर आणि तेल असतं. महाराष्ट्रात अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. पण हा खाऊ घरभर वाटला गेला, तर लेकराच्या वाट्याला चमचाभरच येतो. पाकीट त्याच्या नावानं वेगळं ठेवावं.

शेतात कापसाच्या ओळींमध्ये तुरीचं तास जुनंच आहे. धुऱ्यावर अंबाडी, कुपावर भोपळ्याचा वेल, दारात शेवगा आणि पपई, एवढ्याला वेगळी जमीन लागत नाही. वरणभातात शेवग्याचा पाला शिजवून कुस्करला, सोबत अंडं दिलं, की तीनाचे पाच गट होतात. अंडं खात नसतील तिथं दही आहे. वेचणीच्या दिवसांत हीच वाटी सकाळी करून आजीच्या हाती देता येते.