सांडपाण्याची चाचणी आणि चाचणीचे सांडपाणी

साखर कारखान्याचे, डिस्टिलरीचे किंवा रंगनिर्मिती उद्योगाचे सांडपाणी नदीत सोडण्याजोगे झाले आहे की नाही, हे ठरवताना जे आकडे प्रथम पाहिले जातात त्यांपैकी एक सीओडीचा, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणीचा असतो. पाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे रासायनिक रीतीने ऑक्सिडीकरण करण्यास किती प्राणवायू लागेल, हे तो सांगतो आणि नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी भारतात त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. हा आकडा काढण्याच्या प्रचलित रीतीत नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि संहत गंधकाम्ल यांच्यासह 2 तास उकळला जातो, प्रक्रिया वेगाने व्हावी म्हणून त्यात सिल्व्हर सल्फेट घातले जाते आणि पाण्यातील क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण होऊन आकडा फुगू नये म्हणून क्लोराइडला बांधून ठेवणारे मर्क्युरिक सल्फेट मिसळले जाते. म्हणजेच पाणी किती दूषित आहे हे शोधण्यासाठी क्रोमियम आणि पारा हे दोन विषारी धातू, शिवाय चांदी व आम्ल, एकाच चंबूत एकत्र येतात.

50 मिलिलिटर नमुना घेणाऱ्या खुल्या पद्धतीत एका चाचणीला साधारण 1 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट लागते आणि त्यात सुमारे 0.68 ग्रॅम पारा असतो. नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम असल्याने, केवळ पाणी मिसळून हा पारा त्या मर्यादेत आणायचा म्हटले तर एका चाचणीमागे 67 हजार लिटरहून अधिक पाणी लागेल. अर्थात असा सौम्यीकरणाचा मार्ग कोणी अवलंबू नये. हे अवशेष वेगळे साठवून घातक कचऱ्याच्या केंद्राकडे सोपवायचे असतात. पण नियंत्रणाच्या एका मर्यादेची पूर्तता तपासताना दुसऱ्या मर्यादेला केवढा धक्का लागू शकतो, हे या हिशेबातून दिसते.

विश्लेषणाच्या पद्धतीच अशा प्रश्नांना जन्म देतात, याकडे रसायनशास्त्राचे लक्ष उशिरा गेले. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राची 12 तत्त्वे मांडली, तेव्हा त्यांतील बहुतेकांचा रोख उत्पादनाकडे होता. पुढे 2013 मध्ये गालुश्का, मिगाशेव्स्की आणि नामिएश्निक या पोलिश संशोधकांनी केवळ विश्लेषणासाठी वेगळी 12 तत्त्वे लिहिली आणि नमुन्यावर प्रक्रिया न करता थेट मापन करण्याला त्यांत पहिले स्थान दिले. सीओडीच्या बाबतीत एवढी उडी घेता आली नाही, तरी बंद नळीतील पद्धतीने मोठी बचत केली आहे. तिच्यात 2.5 मिलिलिटर नमुना पुरतो, पाऱ्याचे क्षार 0.05 ग्रॅमच्या आसपास येतात, म्हणजे कचरा विसाव्या हिश्श्यावर उतरतो. त्याहून पुढची पायरी एकूण सेंद्रिय कार्बन मोजण्याची. तीत नमुन्यातील कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करून तो वायू अवरक्त किरणांनी मोजला जातो आणि पारा व क्रोमियम दोन्ही टळतात. अडचण अशी की कार्बनच्या आकड्यावरून सीओडीचा आकडा सर्व सांडपाण्यांसाठी एकाच गुणकाने काढता येत नाही, आणि परवान्यात सीओडी लिहिलेले असते. जर्मनीने सांडपाणी नियमावलीत ही गाठ सोडवली: एकूण सेंद्रिय कार्बनच्या आकड्याची चौपट सीओडीच्या मर्यादेच्या आत असेल, तर ती मर्यादा पाळली गेली असे तेथे मानले जाते. रसायनशास्त्राने पर्याय दिला असला तरी तो वापरात येण्यास कायद्याचे एक वाक्य लागले, आणि या साऱ्या विषयाचे मर्म बहुधा येथेच आहे.

औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत ही कोंडी द्रावकांच्या रूपाने दिसते. तेथे अहोरात्र चालणाऱ्या एचपीएलसी यंत्रात नमुन्याचे घटक बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, द्रवाच्या दाबाखाली वेगळे केले जातात. मिनिटाला 1 मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने एक यंत्र दिवसाला जवळजवळ दीड लिटर द्रव वापरते आणि त्यात बहुधा ॲसिटोनायट्राइल हा विषारी द्रावक असतो. हा द्रावक ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यातील उपउत्पादन असल्याने 2008-09 मध्ये मंदीमुळे प्लास्टिक व कृत्रिम धाग्यांची मागणी घटताच त्याची जगभर टंचाई झाली आणि पर्यावरणाच्या आवाहनांना न जुमानणाऱ्या प्रयोगशाळाही काटकसर शिकल्या. कॉलमचा आतील व्यास 4.6 मिलिमीटरवरून 2.1 मिलिमीटरवर आणला की आतील द्रवाचा रेषीय वेग तोच राखण्यास सुमारे पाचव्या हिश्श्याएवढा द्रव पुरतो; मात्र औषधकोशाने ठरवलेली पद्धत त्याने मुभा दिलेल्या मर्यादेपलीकडे बदलायची तर तिची वैधता नव्याने सिद्ध करावी लागते, आणि तेवढा खटाटोप टाळून जुनी पद्धत चालू ठेवणे सोपे जाते.

महाराष्ट्रातील उदाहरण द्राक्षांचे आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांतील कीटकनाशकांचे अवशेष तपासण्याच्या व्यवस्थेत पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करते. तेथे विकसित झालेल्या पद्धतीत 10 ग्रॅम द्राक्षांचा लगदा 10 मिलिलिटर इथिल ॲसिटेटमध्ये घुसळला जातो, पाणी शोषण्यासाठी सोडियम सल्फेट घातले जाते आणि मग वस्तुमान वर्णपटमापकावर अनेक अवशेष एका दमात मोजले जातात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगभर रूढ असलेल्या क्वेचर्स पद्धतीतही 10 ग्रॅमला 10 मिलिलिटर द्रावक लागतो, पण तो ॲसिटोनायट्राइल. इथिल ॲसिटेट तुलनेने कमी विषारी आहे आणि ते अल्कोहोलापासून बनवता येते. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीसारख्या ठिकाणी तसे उत्पादन होते, म्हणजे उसाच्या मळीपासून निघालेल्या द्रावकाने द्राक्ष तपासणे या राज्यात कल्पनेतले राहत नाही. येथे पद्धत बदलण्यास सद्भावनेपेक्षा निर्यातीची गरज अधिक कारणीभूत ठरली, आणि ती टिकण्यास हे पुरेसे होते.

पद्धतींना हिरवेपणाचे गुण देणाऱ्या मोजपट्ट्याही आल्या आहेत. 2012 च्या इको-स्केलमध्ये 100 गुणांतून विषारी रसायने, वीज आणि कचरा यांचे दंड वजा होतात, तर 2020 च्या ॲग्रीमध्ये 12 तत्त्वांवर 0 ते 1 असा गुण मिळतो. बहुतेक शोधनिबंधांत लेखकच आपल्या पद्धतीला हे गुण देतात, म्हणून ते जपूनच वाचावेत. शिवाय चाचणी स्वस्त आणि झटपट झाली की चाचण्यांची संख्या वाढते, ही गोष्ट प्रत्येक नमुन्यामागचा कचरा मोजणाऱ्या पट्टीत दिसत नाही.

दूध संकलन केंद्रावरचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. दुधातील फॅट मोजण्याच्या गर्बर पद्धतीत 10.75 मिलिलिटर दुधाला 10 मिलिलिटर संहत गंधकाम्ल आणि 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल लागते; ब्युटिरोमीटर ही खुणा असलेली काचनळी यंत्रात फिरवून तिच्यावरील रेषांवरून फॅट वाचला जातो आणि काळपट आम्लाचा उरलेला द्रव कोठे ओतायचा, हा प्रश्न केंद्रासमोर रोज उभा राहतो. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या मिल्क ॲनालायझरने हे आम्ल संपवले आणि उत्तर मिनिटभरात दिले. पण त्याचे अंशांकन, म्हणजे ज्ञात नमुन्यांशी ताडून केलेली जुळणी, त्याच गर्बर किंवा तत्सम संदर्भ पद्धतीवर करावी लागते. फॅट एक दशांश टक्क्याने कमी दिसला तरी दर उतरत असल्याने यंत्राच्या जुळणीवरून शेतकरी आणि संकलक यांच्यात खटके उडतात, आणि त्या वादाचा निवाडा करण्यासाठी ब्युटिरोमीटर व आम्लाची बाटली कपाटात तयार ठेवावी लागते.