काळ्या जर्सीतली पोरं

२०११च्या जूनमध्ये इटलीत वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक रग्बी स्पर्धेत न्यूझीलंडने वेल्सला ९२-० असं झोडपलं. रग्बीत चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय; त्याचे पाच गुण, त्यावरची किक बसली तर आणखी दोन. म्हणजे ऐंशी मिनिटांच्या खेळात वेल्सची पोरं बहुतेक वेळ आपल्याच गोलखांबांखाली उभी राहून समोरच्याची पुढची किक बघत होती. बरोबर वर्षभराने दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉशला हेच दोन देश पुन्हा भिडले आणि वेल्सने ९-६ असा सामना काढला. दोन्हीकडून एकही ट्राय नाही, सगळे गुण लाथेचे. या स्पर्धेतला न्यूझीलंडचा तो पहिला पराभव.

न्यूझीलंडच्या या संघाला लोक कौतुकाने ‘बेबी ब्लॅक्स’ म्हणतात. थोरला संघ ‘ऑल ब्लॅक्स’, म्हणून धाकटे बेबी. जर्सी तीच काळी, छातीवर तेच रुपेरी नेचं, आणि सामन्याआधी हाका हा माओरी नाचही. २००८पूर्वी पोरांच्या जागतिक स्पर्धा दोन होत्या, १९ वर्षांखालील आणि २१ वर्षांखालील. २००३मध्ये २१ वर्षांखालील आणि २००७मध्ये बेलफास्टला १९ वर्षांखालील विजेतेपद न्यूझीलंडने मिळवलं होतं. मग दोन्ही गट मोडून वीस वर्षांखालील एकच स्पर्धा सुरू झाली. पहिली २००८मध्ये वेल्समध्ये, सोळा संघांची. पुढे २०१०पासून संघ बाराच ठेवले.

पहिली चार वर्षं ही स्पर्धा न्यूझीलंडच्या मालकीची असल्यासारखीच होती. २००८ला स्वान्सीत इंग्लंडवर ३८-३, २००९ला टोकियोत पुन्हा इंग्लंडवर ४४-२८, २०१०ला अर्जेंटिनातल्या रोझारिओत ऑस्ट्रेलियावर ६२-१७, २०११ला पादोव्यात परत इंग्लंडवर ३३-२२. हे चारही अंतिम सामन्यांचे आकडे आहेत, आणि या चार वर्षांत संघाने एकही सामना गमावला नाही. पहिल्या तीन विजेत्या संघांचा प्रशिक्षक एकच, डेव्ह रेनी. पुढे त्याने हॅमिल्टनच्या चीफ्स संघाला २०१२ आणि २०१३मध्ये सुपर रग्बीचे मुकुट मिळवून दिले, नंतर तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही झाला.

२००९च्या संघाचा कर्णधार होता पामर्स्टन नॉर्थचा आरन क्रूडन. अंगाने लहानखुरा फ्लाय-हाफ, म्हणजे संघाची चाल ठरवणारा दहा नंबर. आदल्या वर्षी त्याला वृषणाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं आणि तो फुप्फुसांपर्यंत पोचला होता. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. वर्ष उलटायच्या आत हा मुलगा टोकियोत चषक उंचावत होता आणि त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम युवा खेळाडूही तोच ठरला. २०१०मध्ये तो ऑल ब्लॅक्सकडून खेळला. २०११च्या विश्वचषकासाठी मात्र त्याला आधी घेतलंच नव्हतं. पहिल्या पसंतीचा दहा नंबर डॅन कार्टर जायबंदी झाला, मग त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड जायबंदी झाला, आणि क्रूडन फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात दहा नंबरची जर्सी घालून उतरला. त्याचाही गुडघा त्याच सामन्यात गेला, पण विश्वचषक न्यूझीलंडने जिंकला. युवा संघ कशासाठी चालवायचा असा प्रश्न कुणी विचारला तर मी क्रूडनकडे बोट दाखवेन. दोन फ्लाय-हाफ कोसळल्यावर तिसरा तयार असावा, यासाठी.

२०११ची तुकडी तर खजिनाच होती. ब्रॉडी रेटॅलिक २०१४मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, बोडन बॅरेट २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं. सॅम केन पुढे ऑल ब्लॅक्सचा कर्णधार झाला. टीजे पेरेनारा, कोडी टेलर हेही त्याच तुकडीतले. समोरच्या इंग्लंडकडे ओवेन फॅरेल आणि जॉर्ज फोर्ड होते, म्हणजे पादोव्याचा तो सामना पुढच्या दशकाची रंगीत तालीमच होता. आणखी एक गंमत. त्या संघाचा प्रशिक्षक मार्क अॅन्सकम, आणि त्याचा मुलगा गॅरेथ संघात. गॅरेथची आई कार्डिफची. पोरगा पुढे आईच्या देशाकडून खेळला, म्हणजे त्याच्या संघाने ज्यांना ९२-० असं लोळवलं होतं त्या वेल्सकडून.

२०१२मध्ये वेल्सकडून हरूनही संघ अंतिम फेरीत पोचला आणि केपटाउनच्या न्यूलँड्सवर दक्षिण आफ्रिकेने त्याला २२-१६ असं रोखलं. आफ्रिकेच्या त्या संघात हँड्रे पोलार्ड आणि पीटर-स्टेफ दु टोइट ही दोन पोरं होती. ही नावं लक्षात राहू द्या.

२०१३ला उपांत्य फेरीत इंग्लंडकडून हार. २०१४ला स्पर्धा घरच्या अंगणात, ऑकलंडमध्ये, आणि तिथेही दक्षिण आफ्रिकेने एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं. ईडन पार्कवरच्या अंतिम सामन्यात यजमान प्रेक्षकांत बसले आणि इंग्लंडने आफ्रिकेवर २१-२० अशी एका गुणाने मात केली. विजेत्यांचा कर्णधार मारो इटोजे.

२०१५ला स्कॉट रॉबर्टसनच्या हाताखाली क्रेमोनातल्या अंतिम सामन्यात इंग्लंडवर २१-१६ असा विजय मिळाला. हा रॉबर्टसन म्हणजे पुढे सुपर रग्बीत क्रुसेडर्स संघाला वर्षामागून वर्ष जिंकून देणारा आणि जिंकल्यावर मैदानातच ब्रेकडान्स करणारा. २०२४मध्ये तो ऑल ब्लॅक्सचा प्रशिक्षक झाला. २०१७ला तिबिलिसीतल्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा ६४-१७ असा धुव्वा उडाला. हुकर असाफो औमुआने त्या सामन्यात तीन ट्राय केले. हुकर हा स्क्रमच्या पहिल्या रांगेतला, ढकलाढकलीचं काम करणारा गडी, तो वाऱ्यासारखा पळत सुटला की बचावाने काय करायचं? न्यूझीलंडची आजवरची सहा विजेतेपदं इथे संपतात. त्यातली पाच इंग्लंडला हरवून मिळालेली आहेत.

याच काळात दुसरीकडे वेगळंच काही घडत होतं. २०१६ला मँचेस्टरमध्ये आयर्लंडच्या पोरांनी न्यूझीलंडला ३३-२४ असं हरवलं आणि न्यूझीलंड पाचव्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिकागोत आयर्लंडच्या थोरल्या संघाने ऑल ब्लॅक्सना इतिहासात पहिल्यांदा हरवलं. या दोन निकालांचा थेट संबंध जोडण्याचा मोह आवरायला हवा, कारण शिकागोतली फळी वेगळी होती. पण २०१८ला डब्लिनमध्ये आयर्लंड १६-९ असं जिंकलं तेव्हा सामन्यातला एकमेव ट्राय जेकब स्टॉकडेलचा होता आणि दुसऱ्या फळीत जेम्स रायन होता. दोघेही २०१६च्या युवा संघातले, रायन तर त्या संघाचा कर्णधार. त्याच संघातल्या अँड्र्यू पोर्टरने २०२२मध्ये डनीडिनला दोन ट्राय केले आणि आयर्लंडने न्यूझीलंडच्या भूमीवर कसोटी मालिका जिंकली.

फ्रान्सची गोष्टही अशीच. २०१८च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सने न्यूझीलंडला १६-७ असं हरवलं आणि चषकही पटकावला. त्यांचा रोमँ न्तामाक २०२१ला पॅरिसमध्ये ऑल ब्लॅक्सविरुद्ध ४०-२५ अशा विजयाचा शिल्पकार होता. इंग्लंडच्या इटोजेने २०१९च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडची वाट अडवली, निकाल १९-७. आणि पोलार्ड-दु टोइट? २०२३चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२-११ असं हरवून जिंकला. बाराच्या बारा गुण पोलार्डच्या लाथेचे, सामनावीर दु टोइट. आणि त्याच दिवशी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला पहिला पुरुष खेळाडू ठरला तो २०११च्या तुकडीतला सॅम केन.

युवा स्पर्धेचे निकाल विसरायचे नसतात, असं मी म्हणतो ते यामुळे. आपल्याकडे हे क्रिकेटमुळे ठाऊक आहे. २०१८मध्ये पृथ्वी शॉच्या संघाने न्यूझीलंडमध्येच, माउंट माँगानुईला, १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला, तेव्हाचा उपकर्णधार शुभमन गिल आज कसोटी कर्णधार आहे. सगळेच पुढे येतात असं नाही. पण जे पुढे येतात ते आधी तिथे दिसलेले असतात.

न्यूझीलंडची घसरण २०१९ला उघडी पडली. वेल्सने ८-७ असं हरवलं आणि संघ सातव्या क्रमांकावर. मग करोनामुळे तीन वर्षं स्पर्धाच नाही. २०२३ला पुन्हा सातवा क्रमांक. एकदा झालं तर नशीब म्हणता येतं. दोनदा झालं म्हणजे घडणीत काहीतरी चुकत होतं.

माझ्या मते खरं कारण सामन्यांच्या तुटवड्याचं होतं. युरोपातले सहा देश दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये वीस वर्षांखालील सिक्स नेशन्स खेळतात. जागतिक स्पर्धेला येण्याआधी प्रत्येक संघाच्या पोटात पाच कडवे आंतरराष्ट्रीय सामने असतात. न्यूझीलंडच्या पोरांना २०१५पासून ओशेनिया स्पर्धा होती खरी, पण तिथे तुल्यबळ म्हणावा असा संघ ऑस्ट्रेलियाच. फ्रान्सने तर व्यावसायिक क्लबांवर देशात घडलेले खेळाडू खेळवण्याचं बंधन घातलं, त्यामुळे एकोणीस-वीस वर्षांची फ्रेंच पोरं तिशीच्या गड्यांशी स्क्रममध्ये भिडून तयार झालेली असतात. न्यूझीलंडची शाळेची रग्बी आजही जगात नावाजलेली आहे. पण अठराव्या वर्षी असलेली आघाडी विसाव्या वर्षापर्यंत टिकवायला फक्त शाळा पुरत नाही. पूर्वी पुरत होती, कारण तेव्हा बाकीचे झोपले होते.

उपाय २०२४ला झाला. दक्षिण गोलार्धातल्या चार देशांनी वीस वर्षांखालील रग्बी चॅम्पियनशिप सुरू केली, क्वीन्सलँडच्या सनशाइन कोस्टला. पहिलंच विजेतेपद न्यूझीलंडचं. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत गटातल्या सामन्यात त्यांनी फ्रान्सला २७-२६ असं हरवलं, उपांत्य फेरीत मात्र त्याच फ्रान्सने ५५-३१ असं परत केलं. तरी तिसरा क्रमांक आला. २०२५ला इटलीत उपांत्य सामन्यात फ्रान्सचा काटा काढला, ३४-२६. आठ वर्षांनी अंतिम फेरी! रोव्हिगोला १९ जुलैला समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि ती २३-१५ अशी जिंकली.

न्यूझीलंडने या स्पर्धेचे आठ अंतिम सामने खेळले. त्यांतले दोनच हरले, दोन्ही दक्षिण आफ्रिकेकडून. पहिल्या पराभवाचा हिशोब अकरा वर्षांनी, २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, चुकता करावा लागला होता. रोव्हिगोत जिंकलेल्या आफ्रिकन पोरांची नावं आत्ताच एखाद्या वहीत उतरवून ठेवा, २०३१चा विश्वचषक फार लांब नाही.