सहरची घंटा सहा वाजून दहाला

आमच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी, पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक खिळ्याला टांगलेला आहे. त्याचे नाव रास्पबेरी पाय. मुलाने पॉलिटेक्निकच्या प्रकल्पासाठी तो बोर्ड घेतला होता. प्रकल्प संपल्यावर तो घरी आला आणि त्यावर ‘होम असिस्टंट’ हे मोफत सॉफ्टवेअर चढले. त्याला कामे दोनच: टाकी भरली की मोटार बंद करायची आणि रमजानमध्ये सहरला घंटा वाजवायची. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असतात, त्यामुळे सहरला उठणे ज्याच्या त्याच्या घड्याळावर आले आहे. इंग्लंडमध्ये २०१२ साली हे बोर्ड निघाले ते मुलांनी संगणक शिकावा म्हणून. आमच्या घरात मात्र शिकण्याची पाळी थोरांवर आली.

पहिली चूक आमचीच. या बोर्डाला हार्ड डिस्क नसते, सगळे सॉफ्टवेअर एका मेमरी कार्डावर लिहून त्यात घालायचे असते. पहिल्यांदा सुरू होताना ते इंटरनेटवरून उरलेला भाग उतरवून घेते. आमच्याकडे दहा मिनिटे झाली तरी पडद्यावर काही हलेना. अडकले असे समजून आम्ही वायर ओढली. कार्ड बिघडले, पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागले. दुसऱ्या वेळी चहा करून प्यायलो, भांडी झाली, तेव्हा कुठे वीस मिनिटांनी पान उघडले.

मग दुसरेच दुखणे सुरू झाले. बोर्ड दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद होऊन सुरू व्हायचा. मुलाने सॉफ्टवेअर तीनदा काढून घातले. चितेगाव म्हटले की अजून लोकांना व्हिडिओकॉनचा कारखाना आठवतो. आमच्या गल्लीतले एक चाचा तिथे टीव्हीच्या लाइनवर कामाला होते. ते मीटर घेऊन आले.

“सॉफ्टवेअर राहू दे बाजूला. आधी व्होल्टेज दाखव,” ते म्हणाले.

मुलाने मोबाइलचा जुना चार्जर लावला होता, त्याची वायरही बारीक आणि लांब. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात. साधारण ४.६३ च्या खाली गेले की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह येते. ते चिन्ह मुलगा रोज बघत होता, पण त्याला वाटायचे असेलच तिथे. आमच्याकडचे मॉडेल ३, त्याला अडीच अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मॉडेल ४ ला तीनचा. अडॅप्टर बदलला आणि आजार गेला. जाता जाता चाचांनी मोटारीचीही वायरिंग बदलून घेतली: बोर्डाचा छोटा रिले थेट मोटारीला न जोडता स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला जोडला, आणि हाताचा स्विच शाबूत ठेवला. “हा डबा बंद पडला तर अम्मींनी पाण्यासाठी तुझी वाट बघायची का?”

नमाजच्या वेळा या सॉफ्टवेअरमध्येच बसवता येतात. इथे अम्मींनी आम्हाला वाचवले. मशिदीतून मिळालेले रमजानचे छापील वेळापत्रक घेऊन त्या पडद्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “बेटा, तुझी फजर तेरा मिनिटे उशिरा आहे.” तेरा मिनिटे म्हणजे सहरचा वक्त संपून गेल्यावरही आम्ही खात बसलो असतो. शोधल्यावर कळले की हिशेबाची पद्धत आपण निवडली नाही तर ते उत्तर अमेरिकेची धरते. त्यात सूर्य क्षितिजाखाली १५ अंश असताना फजर सुरू होते. कराचीच्या पद्धतीत १८ अंशांना. यादीतून कराची निवडले, असरसाठी हनफी निवडले, तेव्हा वेळा वेळापत्रकाशी जुळल्या. ज्या घरांत हे सॉफ्टवेअर आहे त्यांनी हे एक तरी आजच तपासावे.

एवढे करूनही गेल्या रमजानमध्ये एका रात्री दीडच्या सुमारास वीज गेली ती तीनच्या पुढे आली. बोर्ड सुरू झाला, पण इंटरनेटची लाइन सकाळपर्यंत आली नाही. साडेचारची घंटा वाजली तेव्हा बाहेर उजाडत होते. मोबाइलमध्ये पाहिले तर सहा वाजून दहा मिनिटे.

अम्मींनी पाण्याचा घोटही न घेता नियत केली. त्या रात्रीचे इन्शुलिन घेतात. आम्ही रोजा सोडा म्हणालो, त्या ऐकेनात. जुहरनंतर हात थरथरू लागले, घाम फुटला. साखर ५८ भरली. साखरेचे पाणी पाजून रोजा सोडवावा लागला. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, मुलगा दिवसभर कुणाशी बोलला नाही.

संध्याकाळी त्याने बोर्डाची नोंद उघडली. घंटा ४.३० ला वाजली, असेच त्यात लिहिलेले. चूक कुठेच नाही! मग उलगडा झाला. या मॉडेलमध्ये स्वतःचे घड्याळच नाही. वीज गेली की ते शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून पुढे चालते, आणि खरी वेळ इंटरनेटवरून विचारून घेते. विचारायला लाइनच नव्हती. म्हणून जितका वेळ अंधार होता तितके ते मागे राहिले. मॉडेल ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याचीही बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

मुलाने ‘डीएस ३२३१’ नावाचे बटन सेलवर चालणारे छोटे घड्याळ आणून चार वायरींनी जोडले आणि कार्डावरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये त्यासाठी एक ओळ लिहिली. राउटरला छोटा यूपीएस बसवला. घंटेच्या जोडीला दोघांच्या मोबाइलवर गजर आले, ही सूचना मात्र चाचांची. सेटिंगची प्रतही आता पेन ड्राइव्हवर असते, कारण वीज अशी वारंवार जाते तिथे कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही.

अम्मींनी तो रोजा शव्वालमध्ये कजा केला. यंदा रमजानच्या आधी मुलाने राउटरची वायर काढून मेन स्विच दोनदा पाडून पाहिला. दोन्ही वेळा बोर्डाने बरोबर वेळ दाखवली. अम्मी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ती आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडली, आणि वेळापत्रक बोर्डाच्याच खिळ्याला अडकवून ठेवले.